आधी गोड, मग कडू : क्योटोच्या मिठाईवर वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात क्योटोतली मिठाई आणि तिथला चहा यावर दोन पानं लिहिली होती, नवऱ्याच्या कामापायी आम्ही दीड वर्ष तिथं राहिलो तेव्हाचं सगळं. ७९४ सालापासून हजाराहून जास्त वर्षं जपानची राजधानी होतं हे शहर, १८६९ मध्ये सम्राट टोकियोला गेले तोवर, आणि तिथल्या जुन्या पद्धतीच्या मिठाईला वागाशी म्हणतात. मला वाटलं होतं कापूस वेचायच्या दिवसांत हे कोण वाचते, तर पत्रं आली, आणि पत्रांपेक्षा जास्त व्हॉट्सअॅपवर बोलून पाठवलेले प्रश्न आले, काही तर थेट शेतातून, मागं मोटारीचा आवाज चालू. जे परत परत आले ते घेतलेत, आणि एकदोन असे की ते एकाच माणसानं विचारले पण मला सोडवेनात.

“ताई, तुम्ही लिहिलं का थे लोक आंधी गोड खातात अन् मंग कडू चहा पेतात. आमच्या इथं चहात साखर कमी झाली तं पोट्टे कप वापस करतात. चहात साखर टाकून देल्ली तं एकच काम झालं ना जी, हे दोन दोन कायले?”
— दर्यापूर तालुक्यातले एक काका

काकाजी, तुमच्या घरी वैशाखात उन्हातून पाहुणा आला की आधी काय देत होते आठवा. गुळाचा खडा, मग पाणी. गूळ पाण्यात कालवून नाही देत, आधी गूळ तोंडात, तो विरघळला की वरून माठातलं पाणी, आणि त्या पाण्याला जी चव लागते ती नुसत्या पाण्याला नाही. तिथं अगदी हेच आहे. मिठाई आधी खायची, पूर्ण संपवायची, चहाच्या घोटासोबत नाही. तोंडात गोडी उरलेली असतानाच कडू माचा प्यायचा, म्हणजे कडूपणा बोचत नाही आणि पानाची खरी चव कळते. साखर चहातच टाकली तर दोन्हीची चव एकमेकात मरते, असं मला तिथं राहून वाटायला लागलं, आणि आपला दूध-आल्याचा चहा मला आजही तेवढाच आवडतो हेही खरं. तो वेगळा पदार्थ आहे बापा, त्याची याच्याशी तुलना नको.

आणि माचा म्हणजे उकळून गाळलेला चहा नाही. त्यात पानच पोटात जाते. तोडणीच्या आधी तीन आठवड्यांच्या आसपास चहाची झाडं झाकून ठेवतात, सावलीत पान गर्द हिरवं आणि गोडसर राहते, मग ते वाफवून, वाळवून, शिरा काढून दगडी जात्यावर दळतात. जातं हळूच फिरवावं लागते, जोरात फिरवलं तर दगड तापतो आणि वास उडून जातो, त्यामुळं एका जात्यावर तासाभरात चाळीसेक ग्रॅमच पूड पडते. माझी आजी पहाटे जात्यावर बसायची तेव्हा हेच म्हणायची, घाई केली का पीठ जळते. ही पूड गरम पाण्यात बांबूच्या छोट्या रवीनं घुसळायची, झाला चहा.

एक गोष्ट मात्र सांगायला पाहिजे. आज फोटोत दिसते तशी रंगीत नाजूक मिठाई सुरुवातीपासून नव्हती. चहाच्या या पद्धतीला ज्यांनी साधेपणा दिला ते सेन नो रिक्यू, १५२२ ते १५९१ मधले, त्यांच्या वेळेस चहासोबत भाजलेले चेस्टनट, नाहीतर गव्हाच्या पिठाचं पातळ धिरडं करून त्यात मिसो म्हणजे सोयाबीनचं आंबवलेलं वाटण लावून गुंडाळलेलं, असं असायचं. साखर समुद्रापलीकडून यायची आणि फार महाग होती. साखर हाताशी आली तशी मिठाई नटत गेली.

“आंको म्हणजे आपलं पुरणच ना? मग हरभऱ्याच्या डाळीचं करून पाहू का? कृती सविस्तर द्या, अझुकी आमच्या इथं काही भेटत नाही.”
— पुसदकडच्या एक ताई

ताई, विचार तोच, हात वेगळा. कडधान्य शिजवायचं, साखर घालून आटवायचं आणि कशाच्या तरी पोटात भरायचं, इथपर्यंत दोन्ही सारखं. पण आंकोत तूप नाही, वेलची नाही, जायफळ नाही. फक्त दाणा आणि साखर, त्यामुळं दाण्यात काही लपत नाही, जुना असला की लगेच कळते.

अझुकी हा मूग, उडीद, मटकी, चवळी यांच्याच कुळातला लहान लाल दाणा. म्हणून हरभरा नका घेऊ, त्याची स्वतःची चव फार मोठी आहे. लाल चवळी घ्या. मी गावी परत आल्यावर चार वेळा करून पाहिलं आणि चौथ्या वेळेस जमलं ते सांगते.

एक वाटी लाल चवळी चारपाच तास भिजवायची. मग पाण्यात एक चांगली उकळी आणायची आणि ते पाणी फेकून द्यायचं. मला पहिल्यांदा जीवावर आलं होतं, आपण पुरणाचं पाणी कटाच्या आमटीला ठेवणारे लोक. पण साल तुरट असते, तो तुरटपणा त्या पहिल्या पाण्यात निघून जातो, ते नाही फेकलं तर शेवटपर्यंत जीभ ओढली जाते. मग नवीन पाणी घालून कुकरला तीनचार शिट्ट्या. दाणा दोन बोटात धरला की लोण्यासारखा दबला पाहिजे, कारण साखर पडल्यावर दाणा पुढं मऊ होत नाही, जसा असेल तसाच राहतो. जास्तीचं पाणी काढून जाड बुडाच्या कढईत घ्यायचं आणि पाऊण ते एक वाटी साखर, तीही एकदम नाही, दोनतीनदा थोडी थोडी. शेवटी मीठ, चिमटीत मावेल तेवढंच. पुरणात आपण पळी उभी राहते का पाहतो, इथं उलथन्यानं कढईच्या बुडाशी रेघ ओढायची, रेघ क्षणभर तशीच राहिली की उतरवायचं. थोडं सैल वाटलं तरी उतरवाच, थंड झाल्यावर ते आवळते, मी पहिल्या वेळेस आटवत बसली तर दगड झाला होता.

हे झालं त्सुबुआन, म्हणजे दाण्यादाण्याचं. दुसरं कोशिआन, त्यात शिजलेला दाणा चाळणीवर घासून साल वेगळी करतात, खाली आलेला गर पाण्यात दोनतीनदा धुऊन निवळवतात, कापडात पिळतात आणि मग साखरेसोबत आटवतात. रेशमासारखं होते. तिथल्या शेजारच्या आजींना कोशिआनच आवडायचं, मला त्सुबुआन, दाताखाली दाणा आला पाहिजे. पांढरं करायचं असेल तर पांढरा राजमा घ्या, तो जवळपास तिथल्यासारखाच लागतो, आणि रंगीत फुलं-पानं करतात ती मिठाई या पांढऱ्या गरातूनच होते.

तांदळाच्या पारीचं मात्र जमत नाही हे आधीच सांगून ठेवते. मोची म्हणतात त्या ताणल्या जाणाऱ्या पारीला चिकट जातीचा तांदूळ लागतो, आपला एचएमटी घ्या का चिन्नोर घ्या, त्याचं पीठ तेवढं ताणलं जात नाही. मी आंको सरळ पोळीत भरते, तूप लावून. क्योटोत कोणी असं खात नसेल, पण आमच्या घरी संपून जाते.

“मिठाईला कवितेसारखी नावं ठेवतात असं तुम्ही लिहिलं होतं. माझ्या वर्गात सातवीची पोरं आहेत, त्यांना सांगायचं आहे, दोनचार उदाहरणं द्याल का?”
— मूल तालुक्यातल्या एक शिक्षिका

बाई, तुमचा प्रश्न वाचून मला किती आनंद झाला सांगू. पोरांना आधी भुलाबाई आठवायला सांगा. कोजागिरीपर्यंत गाणी झाली की डबा झाकून आणायचा, हलवून वाजवायचा, आणि बाकीच्या पोरींनी ओळखायचं आत काय आहे, गोड का तिखट, लाडू का चिवडा. खाऊ तोंडात जायच्या आधी डोक्यात जातो. क्योटोत पाहुणा यजमानाला विचारतो, आजच्या मिठाईचं नाव काय, आणि यजमान नाव सांगतो. त्यात वस्तूचं नाव नसते, ऋतूचं असते.

फेब्रुवारीतली एक मिठाई सांगते. आत आंकोचा गोळा आणि त्यावर चाळणीतून पाडलेल्या गराच्या बारीक शेवया चिकटवलेल्या, खाली हिरव्या, वर पांढऱ्या. नाव शितामोए. म्हणजे बर्फाखाली फुटलेले कोंब. बाहेर अजून कडाक्याची थंडी असते, जमिनीवर काही दिसत नाही, पण ताटलीत हिरवं दिसते. मला पहिल्यांदा अर्थ समजावून सांगितला तेव्हा मृग पडल्यावर आठव्या दिवशी आपण वाफशात वाकून पाहतो ना, ढेपेखालून सोयाबीन वर येऊन राहिलं का, तेच डोळ्यासमोर आलं, आणि खावंसं वाटेना इतकं ते बरोबर होतं.

दुसरी ३० जूनची, मिनाझुकी. तांदळाच्या पिठाची वाफवलेली पांढरी वडी, त्रिकोणी कापलेली, वरून अझुकीचे दाणे. क्योटो डोंगरांच्या मधल्या खोलगट जागी आहे, उन्हाळा दमट आणि जीव नको करणारा. जुन्या काळी हिवाळ्यातला बर्फ डोंगरात खड्ड्यांमध्ये साठवून उन्हाळ्यात दरबारात आणायचे, गरिबाला तो कुठून मिळणार, म्हणून बर्फाच्या तुकड्याच्या आकाराची वडी. वरचे लाल दाणे वाईट गोष्टी दूर ठेवतात असं मानतात. वर्ष अर्धं संपलं म्हणून त्या दिवशी देवळात गवताच्या मोठ्या कड्यातून लोक जातात, घरी येऊन ही वडी खातात. ३० जूनला आपल्याकडं पेरणी झालेली असते किंवा आभाळाकडं डोळे लागलेले असतात, हेही पोरांना सांगा, तारीख एकच.

नवीन वर्षाची हानाबिरा मोची तर मला कोडंच वाटली होती, अर्धगोल पांढरी पारी, आतून गुलाबी रंग झिरपतो, आणि पोटात गोड पांढरा मिसो आणि बरडॉक नावाच्या मुळीचा शिजवलेला लांब तुकडा, दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला. मिठाईत मुळी! पण खाल्ली की कळते, गोडाला मातीचा वास लागतो.

पोरांना एक काम द्या बाई. आपल्या पिकावर, आपल्या नदीनाल्यावर, पळस फुलतो त्या आठवड्यावर एखाद्या लाडवाचं किंवा वडीचं नाव ठेवायला सांगा. जी नावं निघतील ती मला नक्की पाठवा.

“याच्यात अंडं, चरबी असं काही असते का? आमचं माळकरी घर आहे. आणि उपासाला चालेल का?”
— मंगरुळपीरकडच्या एक वहिनी

वहिनी, जुन्या पद्धतीच्या बहुतेक मिठाईत अंडं नाही, दूध नाही, तूपसुद्धा नाही. तांदूळ, कडधान्य, साखर. घट्ट करायला कांतेन वापरतात, ते समुद्रातल्या शेवाळाचं असते, आपण किराणा दुकानातून चायना ग्रास आणतो तेच. त्या कांतेनमध्ये आंको आटवून थापलेल्या वडीला योकान म्हणतात, आणि त्या नावाची अक्षरं सुटी वाचली तर मेंढीच्या मांसाचा रस्सा असा अर्थ निघतो! चीनमध्ये तो रस्साच होता, पण झेन भिक्षू मांस खात नव्हते, त्यांनी त्या जागी कडधान्य आणलं आणि नाव तेवढं राहिलं. अंडं असते ते कासुतेरा नावाच्या केकमध्ये आणि दोरायाकी नावाच्या आंको भरलेल्या जाड धिरड्यात, ते टाळा. उपासाला नाही चालणार, तांदूळ आणि कडधान्य दोन्ही आलं.

“मुलगी ओसाकाले नोकरीवर हाय. येत्या फेब्रुवारीत आमाले दोघायले बोलावून राहिली. क्योटोत चहाच्या खोलीत मांडी घालून बसा लागते म्हनतात, माह्ये गुडघे गेले. जावं का नाई?”
— आर्णीकडचे एक निवृत्त ग्रामसेवक

भाऊ, जाच. तिथं मांडी नाही, वज्रासनासारखं टाचांवर बसतात, ते तर तरण्या पोरांनाही अर्ध्या तासानं जड जाते. पण टेबल-स्टूलवर बसून चहा करायची आणि प्यायची पद्धत तिथं शंभर-दीडशे वर्षांपासून आहे. १८७२ मध्ये क्योटोत प्रदर्शन भरलं होतं, परदेशी पाहुणे येणार होते, तेव्हा उरासेन्के घराण्याचे अकरावे प्रमुख गेंगेनसाई यांनी ती बसवली. तिला र्यूरेई म्हणतात, मुलीला आधीच विचारून ठेवायला सांगा. रिक्यूंच्या परंपरेची तीन घराणी आहेत, ओमोतेसेन्के, उरासेन्के आणि मुशाकोजीसेन्के, तिन्ही क्योटोतच.

जुन्या खोल्या बाहेरून तरी पाहा. आत जायचं दार म्हणजे दोन फुटांचा चौकोन, सामुराई असला तरी तलवार बाहेर ठेवून वाकून, गुडघ्यावर सरकत आत. रिक्यूंनी बांधली असं मानतात ती ताइआन नावाची खोली फक्त दोन ताटामी चटयांएवढी आहे, आपल्या गोठ्यातल्या चाऱ्याच्या खोलीपेक्षाही लहान.

फेब्रुवारीत जाताच आहात तर २५ तारीख धरा. किटानो तेनमांगू देवस्थानात त्या दिवशी आलुबुखाराच्या जातीची झाडं फुललेली असतात आणि उघड्यावर चहा देतात. याच जागी १५८७ मध्ये तेव्हाचा सत्ताधारी हिदेयोशी यानं मोठा चहा भरवला होता, रिक्यूही होते त्यात, आणि दवंडी काय होती तर शेतकरी असो, व्यापारी असो, नोकर असो, ज्याला चहाची आवड आहे त्यानं एक किटली, एक भांडं घेऊन यावं, चहा नसेल तर भाजलेल्या धान्याचं पीठ चालेल. म्हणजे आपलं सातूचं पीठच की! हिदेयोशीनं काय काय केलं ते सगळं मला पटत नाही, रिक्यूंना त्यानंच १५९१ मध्ये मरायला लावलं, पण ही दवंडी मला फार आवडते.

तिथून जरा उत्तरेला इमामिया देवस्थान. त्याच्या दारासमोर अबुरी मोचीची दोन दुकानं समोरासमोर, त्यातलं एक इसवी सन १००० पासूनचं आहे असं सांगतात. बोटाएवढ्या मोचीला भाजलेल्या सोयाबीनचं पीठ लावून बांबूच्या काडीवर कोळशात भाजतात आणि वरून पांढऱ्या मिसोचा गोड रस. धूर, सोयाबीनचा खरपूस वास, बसायला लाकडी बाक. सोयाबीन पिकवणाऱ्या आपल्या माणसानं हे खाल्लंच पाहिजे, आपण ते पोत्यात भरून बाजार समितीत नेतो आणि विसरतो.

आणि उजी. क्योटो स्टेशनवरून लोकल गाडीनं अर्धा तास. चहाचं गाव. नदीच्या पुलाशी ११६० पासूनचं चहाचं दुकान आहे, आणि जवळच ब्योदोइन नावाच्या बौद्ध देवळाचं १०५३ मध्ये बांधलेलं फिनिक्स सभागृह, दहा येनच्या नाण्यावर आहे तेच.

“ऑनलाइन माचा मागवला, पिवळट निघाला आणि कडूजहर. फसलो का?”
— पांढरकवड्याहून

रंगच सांगते भाऊ. चांगला माचा गर्द हिरवा असतो, पिवळटपणा म्हणजे जुना झाला, ऊन-हवा लागली किंवा सावलीत न वाढवलेलं पान आहे. फेकू नका, दूध-साखर घालून संपवा. पुढच्या वेळेस अगदी लहान डबी घ्या, उघडली की फ्रीजमध्ये, महिनाभरात संपवा, आणि पाणी उकळतं नको, उकळल्यावर चारपाच मिनिटं थांबून ओता, अर्धा कडूपणा तिथंच जातो.

“मी पन्नास वर्सं झाले संक्रांतीचा हलवा करतो. नव्या सुनेचे दागिने, लेकराच्या बोरन्हानाचे, सारे माह्या हातचे. तुम्ही लिहिलं का थ्या गावात पन असाच काटेरी हलवा होते. थ्यायचे बोटं पोळत नाहीत का वं? काटा कसा आनतात?”
— कारंजाकडच्या एक आजी, नातवानं लिहून पाठवलं

आजी, हे पत्र मी तीनदा वाचलं.

त्याला कोम्पेइतो म्हणतात. शब्द पोर्तुगीज लोकांचा, जसा आपला पाव त्यांच्यामुळं आला, आणि जपानीत ब्रेडला पान म्हणतात तेही त्यांच्यामुळंच. १५६९ मध्ये लुईस फ्रॉइस नावाच्या पाद्र्यानं क्योटोत ओदा नोबुनागा या सरदाराला काचेच्या बरणीत भरून हे दाणे भेट दिले होते. काच आणि साखर, दोन्ही तेव्हा नवलाची वस्तू.

करायची रीत ऐका, तुम्हाला लगेच कळेल. आत दाणा लागतो. आधी खसखस किंवा तीळ असायचा, आता क्योटोत चिकट तांदळाची बारीक कणी घेतात. मोठी लोखंडी कढई, तिरपी ठेवलेली, खालून आच, आणि ती हळूहळू गोल फिरत राहते. त्यात दाणे खाली घरंगळतात, त्यावर पाक थोडा थोडा सोडायचा, सुकू द्यायचा, परत सोडायचा. क्योटोत १८४७ पासून फक्त हेच करणारं एक घर आहे, त्यांना एक घाणा तयार व्हायला सोळा ते वीस दिवस लागतात. वीस दिवस आजी! कृती कुठं लिहिलेली नाही, पाक किती, आच किती, हे दाणे घरंगळतात त्या आवाजावरून ठरवतात. ओल्या दाण्याचा आवाज वेगळा, सुकल्याचा वेगळा. कारागीर कढईजवळ कान देऊन उभे असतात.

बोटं मात्र त्यांची नाही पोळत, ते लांब दांड्याच्या उलथन्यानं ढवळतात, उन्हाळ्यात त्या खोलीतल्या गरमीचा त्रास तेवढा असतो. तुम्ही शेगडीवरच्या परातीत बोटांनी फिरवता, चमचाभर पाक, फिरवणं, परत चमचाभर. काटा का येतो हे तिथल्या तेरादा तोराहिको नावाच्या भौतिकशास्त्रज्ञालासुद्धा कोडं वाटलं होतं, त्यांनी त्यावर लेख लिहिला. ढोबळ म्हणजे असं की दाण्यावर कुठं जरासा उंचवटा झाला की पाक आधी तिथं लागतो, तिथंच सुकतो, आणि उंच तो आणखी उंच होत जातो. पण त्यांचा काटा बोथट, बोंडासारखा. तुमच्या हलव्याचा सुईसारखा असतो, लहानपणी जिभेला टोचायचा ते मला आठवते. तो बोटांमुळं येतो का पहाटेच्या थंडीमुळं, का पाकाच्या तारेमुळं, हे मला तुमच्याकडूनच शिकायचं आहे. तुम्ही पण फिरवताना आवाज ऐकता का हो, का नुसतं बोटाला कळते?

पौषात मी कारंज्याला येते. नातवाला सांगून ठेवा, शेगडी पेटवायच्या आदल्या रात्री मला फोन करायचा, पहिल्या एसटीनं निघते म्हणजे पहिला पाक पडायच्या आत पोचेन.